भार कोठे आणि किती : जैवयांत्रिकी व अस्थिरोग परिषदेहून परतल्यावर

(संस्थेच्या वार्षिक सभेत संशोधन गटाच्या वतीने झालेले भाषण)



जैवयांत्रिकी आणि अस्थिरोगशास्त्र या विषयांवर मुंबईत भरलेल्या परिषदेस उपस्थित राहण्याची संधी संस्थेने आम्हा चौघांना दिली, याबद्दल प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. चौघांत एक अस्थिरोगतज्ज्ञ, एक भौतिकोपचारतज्ज्ञ, एक परिचारिका आणि प्लास्टर कक्षातील आमचे जुने सहकारी होते. प्लास्टर बांधणाऱ्यास परिषदेला कशासाठी न्यायचे, असा प्रश्न काहींनी विचारला होता. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

निघताना विश्वस्त मंडळाने आमच्या हाती एकच प्रश्न दिला होता. बोरी अरब येथे गुडघेरोपणासाठी स्वतंत्र शस्त्रक्रियागृह उभारावे काय? एका दात्याने त्यासाठी भरीव देणगी देऊ केली आहे आणि आपले नाव जाहीर करू नये अशी त्यांची इच्छा आहे. दात्याच्या पैशाविषयी बोलताना शब्द तोलून वापरावा लागतो. म्हणून आमचे मत सांगण्यापूर्वी तेथे काय ऐकले, काय पाहिले आणि त्यातले आपल्या परिसरास काय लागू पडते, हे क्रमाने मांडण्याची अनुज्ञा असावी.

जैवयांत्रिकी हे नाव अवघड असले तरी विषय आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. बंडीत कापूस भरताना ओझे पुढे झाले तर जू बैलांच्या मानेवर दाबते आणि मागे झाले तर जू वर उचलले जाते, हे आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. भार किती आहे याइतकेच तो कोठे पडतो यालाही महत्त्व असते. हाच विचार हाडे, सांधे आणि स्नायू यांना लावला की जैवयांत्रिकी होते. १८६६ च्या सुमारास झुरिच येथे हेर्मान फॉन मेयर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखविला, तेव्हा कार्ल कुलमान नावाच्या अभियंत्यास त्यातील बारीक जाळी पाहून आश्चर्य वाटले. ओझे उचलणाऱ्या यारीच्या वाकलेल्या मानेत ताण व दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळजवळ त्याच रेषांवर हाडातील तंतू रचलेले होते. पुढे १८९२ साली युलियुस वोल्फ यांनी सिद्धान्त मांडला की हाडावर जसा भार पडतो तसे हाड स्वतःची घडण बदलते. अंतराळात राहणाऱ्यांच्या पायांवर भारच नसल्याने त्यांच्या मांडीच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. खाटेवर महिनोन्महिने पडून राहिलेल्या आपल्या वृद्ध रुग्णाची हाडेही याच कारणाने झिजत असतात. मांडीचे हाड मोडलेल्या आजीबाईंना शस्त्रक्रियेनंतर लवकर उभे करण्याचा आम्ही हट्ट धरतो आणि घरची मंडळी आमच्यावर रागावतात. त्या हट्टाचे मूळ येथे आहे.

घनता म्हणजेच बळकटी असे मात्र नव्हे. आपल्याच जिल्ह्यात पांढरकवडा आणि झरीकडील काही गावांच्या विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाड क्ष-किरण चित्रात दाट दिसते, पण ठिसूळ झालेले असते. हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय असल्याने येथे एवढेच पुरे.

आता खुब्याकडे वळू. बर्लिन येथील गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्याच्या आतच मोजमापाची यंत्रणा बसविली आणि माणूस चालत असताना सांध्यावर प्रत्यक्ष किती दाब येतो हे मोजले. सपाट जमिनीवर साधे चालतानाही तो दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भरला. म्हणजे साठ किलो वजनाच्या बाईच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला जवळपास दीड क्विंटलचा भार येतो. ठेच लागून तोल गेला तेव्हा एका रुग्णात तो आठपटींच्या पुढे गेल्याची नोंद आहे. हे कसे घडते, तर तागडीसारखे. एका पायावर उभे राहिलो की खुब्याचा गोळा हा काटा होतो. शरीराचे वजन काट्यापासून दूर असते आणि तोल सावरणारा स्नायू काट्याच्या अगदी जवळ असतो. तागडीची एक बाजू वीतभर आणि दुसरी दोन-अडीच वीत असेल, तर आखूड बाजूस दोन-अडीचपट ओढ लावल्याखेरीज दांडी आडवी राहणार नाही. ही ओढ आणि वजन दोन्ही मिळून सांध्यावर बसतात.

एवढे ध्यानात आले की काठी कोणत्या हातात धरावी याचे उत्तर आपोआप मिळते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. आपल्याकडे बहुतेक माणसे दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, कारण मनाला तेच पटते. परंतु विरुद्ध हातातील काठीवर थोडासा जोर दिला तरी तो जोर काट्यापासून लांब असल्याने तागडीच्या लांब दांडीवर काम करतो, आणि स्नायूला तेवढी कमी ओढ द्यावी लागते. अमेरिकेतील वॉल्टर ब्लाउंट या अस्थिशल्यचिकित्सकांनी १९५६ साली काठी फेकून देऊ नका असे आपल्या व्यवसायबंधूंना कळकळीने सांगितले होते. आज सभेस आलेल्या नातेवाईकांनी घरी जाऊन एवढी एक गोष्ट केली तरी आमच्या प्रवासखर्चाचा काही भाग फिटेल. काठीची उंचीही पाहावी. माणूस ताठ उभा असताना मूठ मनगटाच्या रेषेत यावी. वजनाचेही तसेच आहे. शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोने हलका होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मात्र शेतमजुरीवर जगणाऱ्या ज्या भगिनी आमच्याकडे गुडघे दाखवण्यास येतात, त्यांच्यापैकी अनेकींना वजन कमी करा असे सांगण्यासारखे त्यांच्या अंगावर काहीच नसते. त्यांचा भार निराळाच आहे.

तो भार आहे बसण्याचा आणि उठण्याचा. निंदणाच्या दिवसांत बाई सकाळपासून उकिडवी बसून, खुरपी हातात घेऊन, पाय उचलत उचलत तास पुढे सरकते. वेचणीच्या दिवसांत कमरेला बांधलेली ओटी कापसाने जड होत जाते आणि ती दिवसभर वाकून असते. घरी आल्यावर चूल जमिनीवर, जेवण मांडी घालून, शौचास पुन्हा उकिडवे. आम्ही गेली काही वर्षे बाह्यरुग्ण विभागात एक वही ठेवली आहे. गुडघ्याच्या प्रत्येक रुग्णास आम्ही विचारतो की घरी कसे बसता, काय उचलता, पाणी किती लांबून आणता. त्या वहीवरून केलेले एक भित्तिपत्रक आम्ही परिषदेत मांडले. नोंदी अजून थोड्या आहेत, म्हणून त्यांवरून निष्कर्ष काढण्याचे आम्ही टाळले. तरीही मोठ्या शहरांतील तज्ज्ञ त्या भित्तिपत्रकापाशी थांबत होते, कारण असे प्रश्न रुग्णाला फारसे विचारले जात नाहीत.

ते प्रश्न का महत्त्वाचे आहेत, हे सांगणे अगत्याचे आहे. जिना चढण्यास आणि खुर्चीवरून उठण्यास गुडघा नव्वद ते एकशेवीस अंशांपर्यंत वाकला तरी भागते. उकिडवे बसण्यास आणि पालथी मांडी घालण्यास तो एकशेतीस अंशांच्या पुढे, काही वेळा दीडशेच्याही पुढे वाकावा लागतो. रोपणाचे कृत्रिम गुडघे आरंभी ज्या देशांत घडले तेथील माणसे खुर्चीवर बसत, कमोड वापरत. त्यांच्या दृष्टीने ते गुडघे उत्तमच होते. आपल्याकडे मात्र शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, वेदना थांबतात, आणि मग डॉक्टर सांगतात की बाई, यापुढे खाली बसायचे नाही. नोकरदार घरातील वृद्धेस हे जमते. निंदणावर रोज मिळविणाऱ्या बाईस त्याचा अर्थ तिची मजुरी गेली असा होतो.

या बाबतीत आपल्या देशाने जगाला एक धडा घालून दिलेला आहे आणि परिषदेत त्याचा आदराने उल्लेख झाला. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडविले. त्या काळी परदेशी धर्तीचे जे कृत्रिम पाऊल मिळत असे ते बुटात घालण्यासाठी केलेले होते. ते घोट्यात वाकत नसे, अनवाणी वापरता येत नसे, चिखलात टिकत नसे. शर्मा हे औपचारिक शिक्षण फारसे नसलेले कारागीर आणि सेठी हे शल्यचिकित्सक. टायरवर नवा रबर चढविणाऱ्या दुकानाची कला त्यांनी आपल्या कामी लावली आणि असे रबरी पाऊल केले की ते घालून माणूस उकिडवा बसू शकतो, झाडावर चढू शकतो, भाताच्या खाचरात उतरू शकतो. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या दोघांपैकी एकाचे नाव जगभर झाले आणि दुसऱ्याचे त्यामानाने कमी, याची रुखरुख आम्हास वाटते. प्लास्टर कक्षातील सहकाऱ्यास आम्ही सोबत का नेले, हे आता सांगावयास नको.

महाराष्ट्रातही हा विचार रुजला आहे. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या हाडांची ठेवण आणि बसण्याच्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून इंडस नी हा देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा विकसित केला. आयआयटी मुंबईत २००७ साली सुरू झालेल्या ऑर्थोकॅड नेटवर्क या प्रकल्पाने हाडांच्या कर्करोगात लागणाऱ्या देशी गुडघ्याच्या कामासाठी अभियंते, धातुशास्त्रज्ञ आणि शल्यचिकित्सक यांना एका टेबलाशी आणले. २०१४ साली तेथेच बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या शाखा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि आपल्या नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेतही निघाल्या. किमतीच्या बाजूनेही एक मोठे पाऊल पडले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या रोपणांवर किमतीची कमाल मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, ज्याची सरासरी किंमत दीड लाखाच्या वर होती, तो त्या आदेशाने चोपन्न हजार सातशे वीस रुपयांवर आला.

हे सर्व ऐकून आमचे मन शस्त्रक्रियागृहाच्या बाजूने झुकावयास हवे होते. ते झुकले नाही.

गुडघेरोपण ही केवळ एका कुशल हाताची शस्त्रक्रिया नाही. ज्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया वर्षभरात मोजक्याच होतात, तेथे गुंतागुंतीचे प्रमाण अधिक असते, हे अनेक देशांच्या अनुभवाने दिसून आले आहे. बसविलेल्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पुन्हा उघडावा लागतो, कित्येकदा काढून टाकावा लागतो आणि काही आठवड्यांनी नवा बसवावा लागतो. त्यासाठी रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि जंतुशास्त्राची प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर हवी. आपल्या खाटा आणि आपली माणसे पाहता यवतमाळ, सेवाग्राम आणि नागपूर येथील मोठ्या रुग्णालयांकडे हे रुग्ण पाठविणे अधिक सुरक्षित आहे, असे आम्हा तिघांचे मत झाले.

चौथे मत भिन्न आहे आणि ते दडपून ठेवणे योग्य होणार नाही. आमच्या परिचारिका भगिनी म्हणतात की नागपूरला पाठवू हे वाक्य बोलण्यास सोपे आहे. बाईसोबत जाणार कोण? आठ-दहा दिवसांची दोघांची मजुरी बुडणार, परगावी राहण्याचा खर्च वेगळा, आणि घरी म्हशीचे दूध काढणार कोण? म्हणून ती जातच नाही. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणते, वर्षानुवर्षे खाते, आणि आमच्याकडे येते ती मूत्रपिंड बिघडल्यावर. या युक्तिवादास आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. आम्ही एवढेच सुचवितो की मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णासोबत संस्थेचा एक माणूस पाठवावा आणि त्याचा खर्च या देणगीच्या व्याजातून व्हावा. भगिनींना हे अपुरे वाटते. निर्णय अर्थातच विश्वस्त मंडळाचा.

मग देणगीचे काय करावे? आमची पहिली शिफारस जन्मतः पाऊल आत वळलेल्या बालकांसाठी आहे. साधारण हजार जन्मांमागे एका बाळास हा दोष असतो. ग्रहणात आईने काही कापले म्हणून असे झाले, असे बोलून त्या सासुरवाशिणीला छळणारे लोक अजूनही भेटतात. ग्रहणाचा याच्याशी कोणताही संबंध नाही. मूळचे स्पेनचे आणि पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासियो पोन्सेटी (१९१४–२००९) यांनी घोट्याखालच्या सांध्याची हालचाल बारकाईने अभ्यासली आणि आपली पद्धत १९६३ साली प्रसिद्ध केली. तिचे मर्म टेकू कोठे द्यावा यात आहे. त्यापूर्वी प्रचलित असलेल्या पद्धतीत अंगठ्याचा दाब पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर देत, त्यामुळे टाचेचे हाड अडकून पडे आणि पाऊल सुटत नसे. पोन्सेटींनी टेकू घोट्यापुढील हाडाच्या गोळ्यावर दिला, आणि पाऊल त्याच्याभोवती अलगद बाहेर फिरू लागले. दर आठवड्यास एक याप्रमाणे पाच-सहा प्लास्टर, बहुतेक बाळांत टाचेमागील शीर सुईएवढ्या छेदाने सोडविणे, आणि तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. बस्स, एवढेच. मोठी शस्त्रक्रिया नाही, महाग यंत्र नाही. बोटाची जागा मात्र अचूक हवी. परिषदेत रबरी पावलांवर सराव घेतला गेला, तेव्हा आमच्या प्लास्टर कक्षातील सहकाऱ्यांचा हात पाहून शिकविणाऱ्यांनी त्यांनाच इतरांसमोर पुन्हा करून दाखविण्यास सांगितले.

खरी अडचण त्यानंतर येते. पाऊल सरळ झाल्यावर दोन बूट एका आडव्या पट्टीवर जोडलेले साधन बाळास पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना घालावे लागते. बाळ रडते, आजी म्हणते काढून टाक, पाऊल तर सरळ झालेच आहे. पट्टी सुटली की पाऊल पुन्हा आत वळते. दोष परत येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. त्यामुळे या कामात अर्धा उपचार आमच्या हातात आणि अर्धा आईच्या हातात असतो, आणि आईला दर आठवड्यास एस.टी.चे भाडे लागते. देणगीचा एक भाग या भाड्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

दुसरी शिफारस पादत्राणांच्या लहानशा कार्यशाळेची आहे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाच्या तळपायाची जखम रोगाने कुजून होत नाही. संवेदना गेल्यामुळे एकाच जागी पडणारा दाब त्याला कळत नाही आणि तेथील मांस मरते. मऊ रबराचा, दाब सर्वत्र वाटून देणारा तळ असलेली चप्पल त्या पायाचे रक्षण करते. कुष्ठसेवेची थोर परंपरा असलेल्या विदर्भाला हे नव्याने सांगावयास नको. आता मधुमेहाने बधिर झालेले पायही तीच चप्पल मागत आहेत, आणि असे पाय आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसू लागले आहेत.

शस्त्रक्रियागृहाच्या मानाने ही कामे लहान दिसतात आणि त्यांवर कोनशिला बसविता येत नाही, हे आम्ही जाणतो. देऊ केलेल्या रकमेच्या विनियोगाबाबत दात्याशी बोलणी झाली असून त्यांनी विश्वस्तांचा निर्णय मान्य करण्याचे कळविले आहे.

मंडळाची संमती मिळाल्यास पावलांच्या प्लास्टरचा दिवस आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावा, कारण त्या दिवशी खेड्यांतून गाड्या येतात आणि आईला वेगळा दिवस मोडावा लागत नाही. बाळ जन्मल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच आणावे. उशीर झाला म्हणून मात्र कोणी घरी बसू नये, चालू लागलेल्या मुलांतही या पद्धतीचा उपयोग होतो. बूट आणि पट्टी बाहेरून मागविण्याऐवजी येथेच करता येतील काय, हे पाहण्यासाठी आमच्या सहकाऱ्यांनी दारव्ह्यातील एका चर्मकारास आणि एका लोहारास सोबत घेऊन एक नमुना तयार केला आहे. तो प्लास्टर कक्षात मेजावर ठेवला आहे. सभा संपल्यावर आपण तो हाताळून पाहावा, आणि ज्या माउलींना तान्ह्या बाळांना असे काही घालण्याचा अनुभव आहे त्यांनी बकल कोठे टोचेल ते आम्हास सांगावे.